बोलावून उठलेला माणूस

किसना, काल तुझी तेरवी झाली आणि मी पोटभर जेवलो. तुझी माय आग्रह करत होती आणि मी नको म्हणत नव्हतो. तुला ते आवडलं असतं. माणूस गेला म्हणून पानावर हात जोडून बसणाऱ्यांची तू फार टवाळी करायचास. पण जेवून मागच्या आवारात हात धुवायला गेलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी भुकेनं जेवलो नव्हतो आणि दुःख गिळायलाही जेवलो नव्हतो. मी रागानं जेवलो होतो. तुझ्यावर मी इतका रागावलो आहे, की तू समोर असतास तर मी तुझ्या अंगावर धावून आलो असतो. तू मला एका हातानं उचलून कुस्तीच्या हौद्याच्या मातीत टाकलं असतंस, ती गोष्ट वेगळी.

पंगतीत दोन तट पडले होते. अर्धे म्हणत होते, पोराला शिक्षणानं खाल्लं. मुंबईला जाऊन इंग्रजी डोक्यात घेतली, तिथंच आतून पोखरला. उरलेले म्हणत होते, छे, तालमीनं खाल्लं. एवढे जोर, एवढ्या बैठका, शरीर किती ताणायचं माणसानं? तुझा बुढा बाप दोन्हीकडच्यांना मान हलवून होकार देत होता. त्याला आता सगळंच खरं वाटतं.

तुझा धाकटा भाऊ नामदेव पंगतीत नव्हता. तुला पोचवून आल्यापासून तो आतल्या खोलीत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला आहे. शाळा बंद, आखाडा बंद, ताटातला घास तसाच परत. येत्या हिवाळ्यात त्याला युनिव्हर्सिटीच्या प्रवेशपरीक्षेला मुंबईला जायचंय, ते तो विसरलाय की त्याला ते नकोच आहे, कुणाला सांगता येत नाही. बुढा म्हणतो, “राहू दे. एक शिकला, गेला. हा नाई शिकला तरी चालते.” पण तुझी माय वेगळी. मी हात धूत होतो तिथं ती आली. पदरानं डोळे पुसून सरळ मुद्द्यावर आली.

“गोविंदा, तू किसनाले उठवलं होतं ना बाप्पा. ह्याले बी उठव.”

मी “पाहतो काकी” म्हणालो आणि तिथून निघालो. निघालो कसला, पळालो. कारण तुला उठवल्याबद्दल तू मला काय बोललास ते तिला माहीत नाही. ते मला एकट्यालाच माहीत आहे, आणि आता त्याचं उत्तर द्यायला तू नाहीस. तेव्हा बस आणि ऐक. तुझं माझं भांडण अर्धं राहिलंय.

आपल्या आखाड्याचा नियम तुला सांगायला नको, पण मला तो एकदा मांडून पाहायचाय. कुणी येईनासा झाला तर त्याला बोलवायला जायचं नाही. निरोप नाही, चौकशी नाही, वाटेत गाठणं नाही. वस्ताद म्हणायचा, “मारोतीच्या दारी माणूस आपल्या पायानं येते. धरून आनलेल्याच्या आंगाले माती लागत नाई.” तो माणूस परत आला, मग आठवड्यानं येवो की वर्षानं, तर त्यानं त्या सकाळी एकट्यानं अख्खा हौदा खणायचा. खणून झाला की वस्ताद चिमूटभर माती त्याच्या कपाळाला लावायचा. कुठं होतास, का आला नाहीस, हे कुणीही विचारायचं नाही. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला भरून आलं होतं. घरात, शाळेत, बाजारात, सगळीकडे लोक माणसाला हिशेब विचारतात. तिथं कुणी विचारत नव्हतं. त्या नियमात दया होती, हे मी आजही म्हणेन.

मला तिथं आणलंस तू. अमेरिकेतल्या लढाईमुळे आपल्या वऱ्हाडच्या कापसाला वेडा भाव आला होता, ते दिवस. आखाड्यासमोरच्या रस्त्यावर कापसाच्या बैलबंड्या पहाटेपासून खोळंबलेल्या असायच्या, आणि वारा सुटला की उडालेली रुई आपल्या घामेजल्या अंगांना चिकटायची. जोर काढून उठलो की आपण पिंजाऱ्याच्या घरून आल्यासारखे दिसायचो. तुझ्या बुढ्यानं वांगी, मेथी, झेंडू सगळं उपटून मळ्यात कापूस लावला होता आणि एकाच मोसमात बैलांच्या गळ्यात चांदी घातली होती. माझ्या बापानं मोर्शीकडची जमीन तशीच कापसानं भरून टाकली. त्या भरात आपण दोघं शाळेत पोचलो. माळ्याचं पोरगं आणि कुणब्याचं पोरगं एका बाकावर बसून इंग्रजी भूगोल घोकतंय, हे पाहायला लोक खिडकीशी यायचे.

मी तेव्हा बारीक होतो. आताही आहे. तू मला काड्या म्हणायचास. पुस्तक घेऊन बसलो की मला घेरी यायची, रात्री छातीत धडधडायचं आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी काही पोटात ठरायचं नाही. तू एक दिवस माझं बखोट धरलंस.

“काहून बे काड्या, भूगोलाले भेते का तू?”

“भूगोलाले नाही. नापास होण्याले.”

“मंग चाल. बैठका काढ. पाय थरथरले की मन थरथराचं विसरते.”

खरंच विसरलं. तुझं एक लाडकं तत्त्वज्ञान होतं आणि ते तू हेडमास्तरांनाही ऐकवलं होतंस, की मन म्हणजे दुसरं काही नाही, तोही एक दंडच आहे. रोज मेहनत दिली तर भरतो, नाही दिली तर लोंबतो. हेडमास्तर हसले होते, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वर्गातल्या रोगट पोरांना तुझ्या मागे लावून दिलं. मी त्या पोरांत पहिला. आज मी शाळेत शिकवतो, उभा राहून दिवसभर बोलतो आणि घेरी येत नाही, ते तुझ्यामुळे. हे तुला तोंडावर कधी म्हणालो नाही. म्हणालो असतो तर तू आठवडाभर ऐकवलं असतंस.

मुंबईला निघालास तेव्हा आगगाडी अजून आपल्यापर्यंत आली नव्हती. रूळ जिथवर आले होते तिथवर बैलगाडीनं जायचं होतं. तुझ्या बुढ्यानं वाजंत्री लावली. माझ्या बापाला त्याचं वैषम्य वाटलं, म्हणून त्यानं ताशा आणला. दोन वाद्यं दोन चालीत वाजत होती आणि मधे आपण दोघं नव्या पागोट्यांत चोरासारखे बसलो होतो. शिवेपर्यंत अर्धी अमरावती आली. तू माझ्या कानात म्हणालास, “आता तर मरून बी वापस येता येत नाई बे.” तेव्हा आपण हसलो.

मुंबईच्या त्या खोलीबद्दल मी फार लिहीत नाही. माळी-कुणबी म्हणून आपली पंगत वेगळी बसायची, ते तू मनावर घेतलं नाहीस, निदान तसं दाखवलंस. पण पहाटे तू बैठका काढायला लागलास की फळ्यांची जमीन हलायची. खालचा भाडेकरू ओरडायचा. बरोबरची पोरं पांघरुणातून म्हणायची, आला हमाल, आला. चांगली पोरं होती ती, वाईट नव्हती. त्यांच्या मते कॉलेजात शिकणाऱ्यानं अंगमेहनत करणं म्हणजे पालखीत बसून पालखी वाहण्यासारखं होतं. त्यांच्यातला एक खोकत होता, एक झोपेत रडायचा, एकाला अक्षरं दुहेरी दिसायची, पण ते सगळं विद्येच्या वाटेवरचं म्हणून मानाचं होतं. एका सकाळी तू लंगोट हातात घेतलास, थोडा वेळ तसाच बसलास आणि तो पेटीत तळाशी ठेवून दिलास. मी अंथरुणातून पाहत होतो. मला वाटलं, बरं झालं, आता झोप मिळेल.

परीक्षेत तू नापास झालास आणि मी कसाबसा पास झालो. दुसरेही नापास झाले होते. त्यांनी परीक्षकांना शिव्या घातल्या, रडले, भांडले आणि पुन्हा पुस्तकं उघडली. तू काहीच केलं नाहीस. भात खाल्लास, पेटी बांधलीस. आम्हां सगळ्यांना वाटलं, काय घट्ट माणूस आहे. तुझी ती छाती, ते खांदे. दंडावरून मन जोखायची आपली वऱ्हाडी खोड, तीच मी मुंबईला नेली होती. रडणाऱ्या पोराजवळ आम्ही चौघं बसलो आणि तुला एकट्याला गाडीत बसवून दिलं.

तोवर बडनेऱ्याला गाडी पोचली होती. तिकडे लढाई थांबली होती आणि इकडे भाव कोसळला होता. बैलांच्या गळ्यांतली चांदी उतरली होती. ज्या रस्त्यानं वाजंत्री गेली त्या रस्त्यानं तुला जायचं नव्हतं, म्हणून तू बडनेऱ्याहून आडवाटेनं शेतं तुडवत मळ्याच्या मागच्या बाजूनं घरात शिरलास. तिथं जी खाट धरलीस ती धरलीस.

पुढच्या सुट्टीत मी आलो तेव्हा तुझी दाढी वाढली होती आणि दंड सुकले होते. माय तुला रिद्धपूरला नेऊन आली होती. कुणी पाण्यात मंत्रून दिलं, कुणी लिंबू उतरून टाकलं. बुढ्यानं बोलणं सोडलं होतं. आखाड्यात तुझं नाव कुणी काढत नव्हतं, ती आखाड्याची दया. मी वस्तादाला विचारलं, “किसनाकडे जाऊ का?” त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. “नियम मालूम हाये तुले,” म्हणाला.

मी गेलो. माझा तो स्वभावच नाही, नियम मोडण्याचा. शाळेत मी पाटीवर रेघ मारून लिहिणारा. पण तुझ्या अंगणात उभा राहिलो, तुझ्या खोलीचं दार उघडं होतं, तुझी पाठ दिसत होती, आणि मला काय बोलावं ते सुचेना. म्हणून मी अंगरखा काढला आणि तिथंच जोर काढायला लागलो. माय म्हणाली, “येड लागलं का रे ह्याले?” रोज जायचो. तू रोज पाठ दाखवायचास. मी काढत होतो वाईट, ते मला माहीत होतं. माझी कंबर खाली लोंबते, कोपर बाहेर जातं, आणि चार काढले की मी कुत्र्यासारखा धापा टाकतो. एके दिवशी आतून तुझा आवाज आला. कितीतरी महिन्यांनी कुणी तो ऐकला असेल.

“कंबर, कंबर! मूर्खा, कंबर वर घे!”

मी घेतली नाही. मुद्दाम नाही, मला येतच नव्हतं. तू उठलास, दारापर्यंत आलास, चौकट धरलीस, आणि मग तुला राहवेना. अंगणात येऊन तू माझ्या कमरेत लाथ घातलीस. तुझी माय चुलीपाशी बसून रडत होती, आणि मी मातीत तोंड घालून इतका खूश होतो, की तुला कल्पना नाही.

दुसऱ्या पहाटे तू माझ्याबरोबर आखाड्यात आलास. एकट्यानं हौदा खणलास. मधेमधे फावड्यावर वाकून श्वास घ्यायचास आणि कुणी मदतीला पुढं होत नव्हतं. वस्तादानं तुझ्या कपाळाला माती लावली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “तू भाईर. माह्या आखाड्यात बलावणी चालत नाई. पोळ्यापर्यंत दार दाखवू नको. अन् पुन्यांदा केलं तर कायमचा.” मी सुट्टीभर बाहेर, रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली बैठका काढल्या. तू आत कुस्ती खेळायचास, मी बाहेर धापा टाकायचो. मला त्याचं काही वाटलं नाही. खरंच नाही.

तुला वाटलं. ते मला फार उशिरा कळलं.

मी पुढं कॉलेज सोडून इथंच शाळेत लागलो, तू अकोल्याच्या शाळेत मास्तर झालास. काय मास्तर झालास! पोरांना धडा सुरू करायच्या आधी मैदानात पळवायचास. रडकं पोरगं असलं की त्याला फळ्यापुढं न बोलावता मल्लखांबाकडे न्यायचास. पालक कुरकुरायचे, की पोरगं शिकायला धाडलं का पहिलवानीला. तू हात जोडून म्हणायचास, “शिकालेच धाडलं. पन आंदी टिकलं तर शिकन ना?” तुझ्या हाताखालची पोरं प्रवेशपरीक्षेला गेली आणि नापास झालेलीही हसत परत आली, पुन्हा बसली. हे मी डोळ्यांनी पाहिलं. आपल्याला मुंबईला असा एक मास्तर मिळायला हवा होता.

मागच्या दिवाळीनंतर मी तुला बडनेऱ्याच्या स्टेशनावर पोचवायला आलो. गाडीला उशीर होता. कापसाच्या गाठींच्या ढिगावर बसून आपण गप्पा मारत होतो, आणि मी नामदेवबद्दल काहीतरी बोललो. म्हणालो, त्याला परीक्षेचं ओझं वाटलं तर मी आहे, तुला उठवलं तसं त्यालाही उठवीन. थट्टेत म्हणालो. तू ढिगावरून खाली उतरलास.

“तू मले उठवलं,” तू म्हणालास. “हे तू किती लोकायले सांगतलं?”

“कोणाले नाही. का?”

“सारं गाव मनते, काड्यानं किसनाले उठवलं. मी हौदा खनला तो कोनाले याद नाई. गोविंदा, तू आला नसता तं मी उठलो असतो. आज नाई, उद्या. आपल्या पायानं. आता मले कधीच मालूम नाई होनार का माह्यात तेवढं होतं का नवतं. ते तू माह्यापासून घेतलं.”

मी म्हणालो, “आणि उठला नसता तर?”

“तं नसतो उठलो.”

हे तू इतकं शांतपणे म्हणालास, की मला तुझी भीती वाटली. मी ओरडलो. नियम नियम करतोस, मग मला आखाड्यात कुणी ओढून नेलं? तू म्हणालास, तू नवा होता, नव्याले बलावता येते. मी म्हणालो, अरे, पाय घसरून विहिरीत पडलेल्या माणसाला दोर टाकायचा की त्याच्या पोहण्याची परीक्षा पाहायची? तू म्हणालास, दोर ज्यानं टाकला तो जन्मभर काठावर उभा दिसते. मग गाडी आली. डब्यात चढून तू खिडकीतून म्हणालास, “मी बलावल्याशिवाय येऊ नको आता.” मीही तोऱ्यात होतो. म्हणालो, “नाही येत.” तू बोलावलं नाहीस, मी आलो नाही. दोघांनीही दिलेला शब्द पाळला. मोठे शहाणे आपण.

तू गेल्यावर तुझं सामान आणायला मी अकोल्याला गेलो. तिथं तुला जेवण करून घालणाऱ्या सईबाई भेटल्या. त्यांनी मला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि मी न विचारताच सांगायला लागल्या.

“बारीक ताप होता पयले. मास्तर मने, काही नाई काकू, घामावाटे काढतो. अन् तापातच बैठका काढे. म्या मनलं, बाप्पा, तापाशी कुस्ती नाई खेळत कोनी. हासे नुसता. मंग आंग धरलं, खाटेवरून उठता येईना. म्या मनलं, अमरावतीले सांगावा धाडू का? माय येईन, तो दोस्त येईन. तं मने, नाई काकू. बलावून उठलेला मानूस मी एकडाव झालो. आता नाई. मी उठतो.”

ओसरीवर मांजर होतं, ते माझ्या पायाशी घासत होतं. मी त्याच्याकडे पाहत राहिलो.

“तुमचा तो धाकला येऊन गेला होता,” सईबाई पुढं म्हणाल्या. “तुमाले नाई सांगतलं? घरची भाजी घेऊन आला होता. मास्तरले पाहून घाबरला, मने मी मायले आनतो. मास्तरनं त्याले पाशी बसवलं, आपल्या डोक्यावर त्याले हात ठेवाले लावला अन् शप्पत घातली. घरी बोलू नको मने. तो पोट्टा रडत रडत टेशनाकडे गेला.”

किसना, आता सांग. ताप अंगात असताना बैठका काढल्यास, ते मी समजू शकतो. आपल्या आखाड्यातल्या कुणीही तेच केलं असतं. अंगात शिरलेलं काहीही असो, ते समोरचा पहिलवान आहे असंच आपल्याला वाटतं. माझ्याशी भांडलास, तेही समजू शकतो. पण त्या पोराला शपथ का घातलीस? तुझं बळ तुझं तुला पाहायचं होतं, पाहिलंस. त्याची किंमत त्यानं का द्यावी? गावाला वाटतं तो तुझ्या दुःखात पडलाय. मला माहीत आहे तो कशाखाली पडलाय. तुझ्या मायला हे ठाऊक नाही. ठाऊक झालं तर ती त्याला जवळ घेईल, पण तो स्वतःला घेणार नाही. आणि तुझा नियम म्हणतो, त्याला बोलवायला जाऊ नको. आपल्या पायानं उठेल. नाही उठला तर नाही.

मी तुझा मान ठेवू की त्याला उठवू, हे मला अजून ठरवता येत नाही. तू मेल्यामुळे तुझा शब्द जास्त जड झालाय. शिवाय वस्तादानं सांगून ठेवलंय, पुन्हा बलावणी केली तर आखाडा कायमचा बंद. तुला हसू येईल, पण तू गेल्यापासून मी उभा आहे तो त्या हौद्याच्या जोरावर. पहाटे तासभर माती उपसतो, तेवढा वेळ तू मेलेला नसतोस. ते कसं सोडू? मला पुन्हा घेरी येऊ लागली तर धरायला कोण आहे?

इथपर्यंत काल लिहिलं होतं. पुढचं आज लिहितोय.

सकाळी आधी आखाड्यात गेलो. चोरून जायचं नव्हतं. वस्ताद मारोतीला शेंदूर लावत होता. मी म्हणालो, “नामदेवले बलावाले जातो.” त्याचा हात थांबला. म्हातारा झालाय रे तो आता. मग म्हणाला, “किसना बी माहाच चेला होता.” मी म्हणालो, “हाव.” तो म्हणाला, “नियम हाये गोविंदा. माह्या गुरूचा हाये. मले नाई मोडता येत.” मी खाली वाकून त्याच्या पायांना हात लावला आणि बाहेर पडलो. त्यानं मला थांबवलं नाही, शिवीही दिली नाही.

तुझ्या घरी मायनं दार उघडलं आणि बाजूला झाली. नामदेव भिंतीकडे तोंड करून होता. मी खाटेजवळ खाली बसलो.

“नामदेव, मी तुले बलावाले आलो.”

त्यानं पाय पोटाशी घेतले.

“सईबाईनं सांगतलं मले. तू गेला होता अकोल्याले.”

त्याची पाठ ताठ झाली. बाहेर माय भांडी घासत होती, तो आवाज तेवढा येत होता. मग तो भिंतीशीच बोलला.

“दादानं शप्पत घातली होती. मने, कोनाले बलावू नको.”

“मालूम हाये. मलेबी तेच मने.”

“मंग तू काहून आला?”

“दोघायनंबी एकडाव ऐकलं ना त्याचं,” मी म्हणालो. “आता नाई ऐकत.”

तो वळला नाही. पण त्याचे खांदे हलायला लागले, आणि तू गेल्यापासून जे झालं नव्हतं ते झालं. तो मोठ्यानं रडला. मायनं भांडी टाकली आणि धावत आली. मी तिला खुणेनं सांगितलं, की राहू दे, रडू दे. मग तिला राहवेना, ती त्याच्या पायाशी बसली. मी सांगितलं नाही, त्यानंच सांगितलं. सगळं. तिनं ऐकलं आणि त्याचे पाय मांडीवर घेतले.

तो अजून उठलेला नाही. कदाचित उद्या उठेल, कदाचित दिवाळीपर्यंत पडून राहील, आणि उठल्यावर तुझ्यासारखाच माझ्यावर दात धरेल. धरू दे. जन्मभर माझ्याशी भांडायला तो हवा आहे मला.

हे मी त्याच्या खाटेशी बसून लिहितोय. रागावायचं असेल तर तू रागाव. मी इथून हलत नाही.